सात नंबरचं पाणी

१

टॅगखोलीचं कुलूप फोडलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी डेपोमास्तरने आपल्या किल्लीने ते उघडलं, तेव्हा टेबल, खुर्ची, पक्कड, पाण्याची बाटली सगळं जागच्या जागी होतं. नव्हतं ते फक्त टॅगचं रजिस्टर. आणि ते लिहिणारा माणूसही शनिवारपासून कामावर दिसला नव्हता.

"पळाला," मंगळवारी डेपोमास्तर तपासनीस बाईंना सांगत होता. "नंबऱ्या असं करेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. सहा वर्षं एकाच खुर्चीवर बसलेला माणूस."

खरं नाव काहीही असो, टॅगवाल्याला सगळे नंबऱ्याच म्हणत. हजार पोत्यांचे नंबर त्याला पाठ असायचे.

तपासनीस बाई खाणखात्यात एकतीस वर्षं काढून आता निवृत्तीचे महिने मोजत होत्या. तीन तास जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेत त्या इथे पोचल्या होत्या, आणि उजवा गुडघा असा ठणकत होता की आधी बसायला मिळावं एवढंच त्यांना वाटत होतं. ऑफिसच्या दाराशी भेटवही होती. त्यांनी सही केली. वरच्याच ओळीत त्यांची आधीची सही होती. शनिवारची नेहमीची पाहणी. आले ११.१०, गेले १२.४०. याच ऑफिसात बसून त्या चहा पिऊन गेल्या होत्या आणि सगळं ठीक असल्याचं लिहूनही गेल्या होत्या.

"रजिस्टर नेऊन त्याला काय मिळणार?"

"मॅडम, तुम्हीच विचारताय?" डेपोमास्तरने कपाळ चोळलं. चार दिवस झोप नसल्यासारखे त्याचे डोळे लाल झाले होते. "चोरट्या मालाला आमचे नंबर लावले की तो माल पांढरा. बाहेर गिऱ्हाइकं टपलेली आहेत."

ते खरं होतं. इथली माती काळी आणि तिच्यात कोबाल्ट. माणसं ती हाताने खणत, पोत्यात भरत. पोती ट्रकने बंदरावर, जहाजाने समुद्रापलीकडच्या कारखान्यात, आणि तिथून कुणाकुणाच्या फोनमध्ये, गाडीच्या बॅटरीत जात. पूर्वी कुणी विचारत नसे. आता दूरच्या खरेदीदाराला प्रत्येक पोत्याचा पत्ता हवा असायचा. कुठल्या विहिरीतून निघालं, कधी निघालं. विहीर म्हणजे खणण्याचा उभा खड्डा, आत आडवी भुयारं. म्हणून पोत्याला नंबरी टॅग आणि टॅगाला रजिस्टर. अंगणात एक हजार चाळीस पोती रचलेली होती आणि रजिस्टरशिवाय ती नुसती काळी माती होती.

"शुक्रवारी खरेदीदाराचा माणूस येतोय," डेपोमास्तर म्हणाला. "आठ महिने राजधानीवाल्यांनी निर्यात बंद ठेवली. आता चालू केली, तर कोटा ठरवून दिला. या महिन्याचा कोटा भरला नाही तर परवाना दुसऱ्या डेपोला. ऐंशी घरं आहेत मॅडम या मातीवर."

"त्याला पळताना कुणी पाहिलं?"

"मी. रविवारी सकाळी बंदराच्या ट्रकवर चढला. काखेत पिशवी होती."

"आवाज दिलात?"

"दिला. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

बाईंनी मान हलवली. एकतीस वर्षांत त्यांनी इतक्या थापा ऐकल्या होत्या की थाप ऐकून आता त्यांना राग येत नसे, फक्त दमल्यासारखं व्हायचं. ही थाप आहे की नाही हे मात्र अजून त्यांना कळलं नव्हतं.

ते नंबऱ्याच्या दारात कळलं.

२

घर एका खोलीचं होतं. नंबऱ्याची बायको दारातच उभी होती. दिवसभर माती चाळून तिच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेल्या. तिने बसा म्हटलं नाही, रडलीही नाही. नवऱ्याचं ओळखपत्र तिने सरळ बाईंच्या हातात ठेवलं.

"हे शर्टाच्या खिशात होतं. शनिवारी धुवायला टाकलेल्या. आता सांगा, कार्डाशिवाय माणूस नाक्यापलीकडे जातो कसा?"

बाईंना उत्तर माहीत होतं. बंदराच्या रस्त्यावर एकच नाका होता, आणि कार्ड नसलेल्या माणसाला तिथे ट्रकमधून उतरवत. आज सकाळी त्यांचं स्वतःचंही कार्ड तपासलं गेलं होतं. त्यांनी नाक्याला फोन लावला. पलीकडच्या शिपायाने रविवारची नोंद वाचून दाखवली. बंदराचा ट्रक, माणसं दोन, ड्रायव्हर आणि क्लीनर.

"शनिवारी घरातून कधी निघाले?"

"सकाळी सातला. डबा घेऊन. परत आलेच नाहीत."

"शनिवारी परतले नाहीत? डेपोमास्तर तर रविवारचं सांगतो."

"मला माझ्या भावाने सांगितलं, ताई, डेपोत माल मोजायचाय, दाजी तिथेच झोपणार. रविवारीही तेच. सोमवारी म्हणाला, दाजी पळाले म्हणतात. लहानपणापासून माझ्याशी बोलताना तो डोळ्यांत बघतो. या खेपेला जमिनीकडे बघत होता."

"तुझा भाऊ काय करतो?"

"पंप चालवायचा. सात नंबरची विहीर बंद झाल्यापासून नुसता बसून असतो."

सात नंबर दोन महिन्यांपूर्वी बंद झाली होती. खाली पाणी लागलं, भुयारांच्या भिंती ओल्या होऊन सुटायला लागल्या. बंदीच्या कागदावर सही तपासनीस बाईंचीच होती.

"डेपोमास्तरच्या तक्रारीत काय लिहिलंय बाई?"

"फरार."

"म्हणजे पळालेला."

"हो."

"ते नाक्यापलीकडे गेले नाहीत, तर मग इथेच आहेत," बायको म्हणाली. "आणि इथे असून चार दिवस घरी आले नाहीत."

पुढचं तिने बोलून दाखवलं नाही.

३

वजनकाटा डेपोच्या अंगणात, पत्र्याखाली. काटेवाली मावशी तिथे दहा वर्षं बसत होती. पाठ ताठ, पदर खोचलेला, आणि बोलणं काट्याच्या सुईसारखं, आकड्यापुरतं.

"नंबऱ्या कसा माणूस होता?"

"कसा होता नाही. कसा आहे, म्हणा."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मावशी लगेच नजर चुकवून चिठ्ठ्यांची चवड सारखी करू लागली.

"गेल्या शुक्रवारची तीन पोती काढ. पुन्हा वजन करायचंय."

"कशाला? मीच केलंय. पन्नास भरलीत."

"कर तरी."

पोतं काट्यावर आलं. चव्वेचाळीस. दुसरं त्रेचाळीस. तिसरं पुन्हा चव्वेचाळीस.

"ऊन आहे," मावशी पुटपुटली. "वाळतात."

"वाळायला आधी ओलं असावं लागतं. टॅग चार नंबरच्या विहिरीचे आहेत ना? शनिवारी येताना मी त्या बाजूने आले. धुरळ्याने जीपची काच दिसेना. तिथली माती ओली कुठून झाली?"

बाईंनी पोत्याचा कोपरा उसवला आणि ओंजळभर माती पत्र्यावर पसरली. काळ्या मातीत हिरवे कण चमकत होते. तांबं. चार नंबरमध्ये वर फक्त काळी माती मिळते. काळ्यात हिरवं खोल सात नंबरला. बंदीच्या आधी दहा वर्षं बाई दोन्ही विहिरींचे नमुने बघत आल्या होत्या, हा फरक त्यांना डोळे मिटूनही सांगता आला असता.

"चार नंबर संपलीय," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "कोटा मात्र भरायचाय. म्हणून सात नंबर चालू केलीत आणि टॅग चारचे लावलेत. आणि टॅग लावणारा नंबऱ्याच. म्हणजे तोही सामील."

"तो सामील नव्हता!" मावशीचा आवाज एकदम चढला. अंगणातली दोन माणसं वळून बघायला लागली. ती खाली बसली आणि हळू म्हणाली, "म्हणजे होता. आम्ही सगळेच होतो. पण त्याने..."

"त्याने काय?"

डेपोमास्तर ऑफिसच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. मावशीने पदर तोंडाशी धरला.

"मला काही माहीत नाही," ती म्हणाली. "माझी दोन लेकरं आहेत बाई. मला काही विचारू नका."

४

सात नंबरच्या तोंडावर फळ्या ठोकलेल्या होत्या. शेजारी पंपावर ताडपत्री, आणि नंबऱ्याचा मेव्हणा. वय पंचविशीचं असेल, पण दाढी वाढून चेहरा पार ओढलेला. थोडं दूर एक म्हातारा खणकरी मातीच्या ढिगावर बसला होता. त्याला सगळे तात्या म्हणत. कानाने अधू. तो फळ्यांकडे बघत होता.

"तात्या इथे काय करतोय?" बाईंनी विचारलं.

"रोज येतो. शनिवारपासून," मेव्हणा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"पंप कधीपासून बंद?"

"दोन महिने झाले. तुम्हीच बंद केलात की."

बाईंनी ताडपत्री दूर सारली. पंपाला तास मोजणारं छोटं घड्याळ असतं. बंदीच्या दिवशी त्यांनी त्यावरचा आकडा कागदावर घेतला होता. बाराशे बारा. आता पंधराशे तीस दिसत होते. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. डिझेल काठोकाठ.

"चालू कर."

"मॅडम..."

"चालू कर म्हणते ना."

एका फटक्यात पंप सुरू झाला. धडधड सगळ्या माळावर घुमली. बाई वळून खाली डेपोकडे बघत राहिल्या. पत्र्याखालून काटेवाली बाहेर आली. ऑफिसातून डेपोमास्तर धावत बाहेर आला. दोन महिने बंद असलेला पंप अचानक ऐकू आला तर माणसं चक्रावतील, एकमेकांना विचारतील. इथे कुणीच कुणाला काही विचारलं नाही. मावशी जागीच खाली बसली. ढिगावरच्या तात्याला आवाज ऐकू आला नसावा, पण जमिनीचा हादरा जाणवला असेल. तो उठला आणि लडखडत फळ्यांकडे चालायला लागला.

बाईंनी पंप बंद करायला लावला.

"डिझेल आहे, पंप ठणठणीत आहे. म्हणजे तो बिघडला नाही, कुणीतरी हाताने बंद केला," त्या म्हणाल्या. "खाली माणसं खणत असताना पंप हाताने कोण बंद करेल? आवाज ज्याच्या कानावर जायला नको असा कुणीतरी डेपोत येऊन बसला असेल, तरच."

मेव्हण्याने ताडपत्री ओढून पुन्हा पंपावर टाकली.

बाईंना भेटवहीतली ती ओळ आठवली. अकरा दहा. बारा चाळीस. शनिवारी जीपमधून उतरताना डेपोमास्तर हसत सामोरा आला होता, आणि त्याचा अंगठा फोनवर होता.

त्यांनी ढिगाचा आधार घेतला. गुडघ्याचं दुखणं एकाएकी कुठल्या कुठे गेलं होतं.

"मी आले म्हणून," त्या म्हणाल्या. "मी आले म्हणून तुम्ही पंप बंद केलात. खाली किती जण होते?"

५

डेपोच्या ऑफिसात सगळे जमले. डेपोमास्तर, काटेवाली, मेव्हणा आणि तात्या. नंबऱ्याची बायको बोलावल्याशिवाय आली आणि दाराला टेकून उभी राहिली. तिला कुणी जा म्हटलं नाही.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," बाई म्हणाल्या. आवाजात जोर नव्हता. "नाक्याची नोंद आहे, कार्ड घरात आहे. तेव्हा डेपोमास्तर, तुम्ही रविवारी कुणालाही ट्रकवर चढताना पाहिलेलं नाही. नंबऱ्या शनिवारीच गेला. माझी जीप वळणावर दिसली की तुम्ही पंपवाल्याला फोन करता."

"मिस्ड कॉल," मेव्हणा म्हणाला. "एक मिस्ड कॉल आला की बंद. खालच्यांनी वर यायचं नाही, कुणाला दिसायचं नाही. पाणी चढायला वेळ लागतो. तुम्ही नेहमी दहा मिनिटं बसता, सही करता, जाता."

"शनिवारी माझा गुडघा दुखत होता," बाई म्हणाल्या. "मी दुसरा चहा मागितला."

डेपोमास्तरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नंबऱ्या विहिरीच्या तोंडाशी असणार. पोतं वर आलं की तिथेच टॅग. म्हणून रजिस्टर त्याच्याजवळ होतं, म्हणून खोलीला त्याने स्वतः नीट कुलूप लावलं होतं. पाणी चढताना त्याने पाहिलं. इथपर्यंत मला समजतं. पुढचं तुमच्यापैकी कुणीतरी सांगायला हवं."

बाईंनी तात्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "तात्या, नंबऱ्या खाली का उतरला?"

तात्याला शब्द कळले की ओठांवरून समजलं, कोण जाणे.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. बहिऱ्या माणसासारखाच, फार मोठ्याने. "आम्ही बारा जण होतो. त्याने दोर हलवून अकरा वर काढले. मी शेवटच्या भुयारात. मला हाका ऐकू येत नाहीत. पाणी कमरेला लागलं तेव्हा तो आला, मला पुढे ढकललं, म्हणाला चल. मी दोर धरला आणि मागची भिंत बसली."

दाराशी उभ्या असलेल्या बायकोने चौकट घट्ट धरली.

"मग तो गेला," डेपोमास्तर घाईघाईने म्हणाला. "तेव्हाच गेला, मॅडम. आमच्या हातात काही नव्हतं. बोललो असतो तर सगळं बंद. गेलेला माणूस परत आला असता का?"

"खोटं बोलू नका." हे काटेवाली मावशी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "बाईंची जीप गेल्यावर पंप लावला. पाइपावर ठोकलं तर आतून उत्तर यायचं. टक टक. चारपर्यंत येत होतं. मी म्हटलं, बाईंना फोन करा, जीप अजून लांब गेली नसेल, बचावाची माणसं मागवा. तुम्ही म्हणालात, आपणच काढू. मग चारनंतर..."

तीन तासांहून जास्त वेळ. बाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि मांडल्याबद्दल पस्तावल्या. बचावपथक जिल्ह्याच्या खाणीवर असतं. दीड तासाचा रस्ता. शनिवारी दुपारी त्या स्वतः नाक्यावर थांबून केळी घेत होत्या.

"रजिस्टर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मावशी बाहेर गेली. काट्याची लोखंडी पाटी उचलून तिने खालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रजिस्टर आणलं. डेपोमास्तरने चमकून तिच्याकडे पाहिलं. ते विहिरीत गेलं असंच तो इतके दिवस समजत होता.

"उतरण्याआधी माझ्या हातात दिलं. मी वजनाच्या चिठ्ठ्या द्यायला गेले होते विहिरीवर. म्हणाला, मावशी, सांभाळ, आलोच."

बाईंनी पानं उलटली. प्रत्येक टॅगसमोर विहीर क्रमांक चार. आणि समासात, पेन्सिलीने, अगदी बारीक, प्रत्येक खोट्या चारशेजारी एक खरा सात. तारीख, वेळ, खाली किती माणसं उतरली. दोन महिन्यांची एकही नोंद चुकलेली नव्हती. तो सामीलही होता आणि त्याने काही लपवूही दिलं नव्हतं.

"मला एक सांगा," दाराशी उभी बायको म्हणाली. ती बाईंशी बोलत नव्हती, भावाकडे बघत होती. "टक टक येत होती, तेव्हा तू कुठे होतास?"

"पाइपाजवळच, ताई," तो म्हणाला. "मीच ठोकत होतो."

६

बचावपथक बुधवारी सकाळी आलं. खणकऱ्यांना कुणी बोलावलं नाही, तरी ते सगळे आले. गुरुवारी दुपारी वाट मोकळी झाली. भुयाराच्या वरच्या टोकाला, पाण्याच्या पातळीपेक्षा थोडं उंचावर, नंबऱ्या भिंतीला टेकून बसलेला सापडला. पाणी त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. हवा संपली होती.

बाईंनी हे त्याच्या बायकोला स्वतः जाऊन सांगितलं. वाक्य मनाशी चार वेळा जुळवलं होतं, दारात पोचल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही.

शुक्रवारी खरेदीदाराचा माणूस आला. अंगणातली पोती त्याने गाडीच्या काचेतूनच पाहिली, फोनवर थोडा वेळ बोलला आणि गाडी वळवून निघून गेला. डेपोला टाळं लागणार हे सगळ्यांना कळलं. कोटा दुसऱ्या डेपोला जाणार, तिथल्या विहिरींवर माणसं लागणार, आणि यातले बरेचसे तिकडेच खणायला जाणार हेही. त्यावर कुणी वाद घातला नाही. सगळेच फार दमले होते.

बाईंनी अहवाल लिहिला. साडेतीन पानं. त्यात शनिवारच्या भेटीची वेळ घातली, दोन चहाही घातले. वरिष्ठांनी फोनवर सुचवलं की एवढं खोलात जायची गरज नाही, तुमची पेन्शन आहे. बाई "बरं" म्हणाल्या आणि काहीच खोडलं नाही.

पोलिसांची गाडी डेपोमास्तर आणि मेव्हण्याला न्यायला आली तेव्हा नंबऱ्याची बायको अंगणात आली. आज तिने केस नीट बांधले होते.

"त्यांना फरार लिहिलं होतं ना?" तिने बाईंना विचारलं. "ते खोडलं?"

"खोडलं. आता काय लिहिलंय ते वाचून दाखवू?"

"तुम्ही नको."

तिने अहवालाचं पान घेतलं आणि भावाच्या हातात दिलं. भोवती खणकरी, त्यांच्या बायका, काटेवाली, तात्या. सगळे.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने. तात्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मेव्हण्याने शिपायाकडे पाहिलं. शिपायाने मान दुसरीकडे वळवली. मग तो वाचू लागला. "टॅग लिपिक हे फरार झालेले नाहीत. शनिवारी पाणी वाढू लागल्यावर ते स्वतःहून सात क्रमांकाच्या विहिरीत उतरले. त्यांनी बारा कामगारांना सुखरूप बाहेर काढले. पाणी वाढण्याचे कारण असे, की पंपचालकाने..."

तो थांबला. अंगणात कुणी हललं नाही. बाईंना वाटलं, पुढे होऊन कागद काढून घ्यावा. त्या जागच्या हलल्या नाहीत.

बायकोने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मायेचा होता की धरून ठेवणारा, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

"पुढे वाच," ती म्हणाली.

आणि त्याने वाचलं.